याकोबाला आशीर्वाद मिळालाच होता, मग यब्बोक नदीच्या काठी झोंबी कशासाठी? (कन्फर्मेशनच्या वर्गासाठी)

शब्बाथशाळा_नगर

जय ख्रिस्त. कन्फर्मेशनच्या (लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गासाठी मदत हवी आहे. मुलं १५ ते १८ वयाची, बहुतेक चौथ्या पिढीतली ख्रिस्ती. चार रविवार मिळालेत, दर वेळी उपासनेनंतर एक तास. विषय ठरलाय याकोब, पवित्र शास्त्रातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचे अध्याय २५ ते ३५.

अडचण अशी. २७ व्या अध्यायात इसहाकाने याकोबाला आशीर्वाद दिला. आंधळ्या बापापुढे थोरल्या भावाचे, एसावाचे कपडे आणि अंगावर बोकडाची कातडी घालून तो फसवून घेतला हे खरं, पण तो आता परत घेता येणार नाही हे इसहाकच ३३ व्या ओवीत सांगतो. मग लाबान मामाकडे वीस वर्षं काढून परतताना, ३२:२६ मध्ये, यब्बोकपाशी रात्रभर झोंबणाऱ्या अनोळखी माणसाला याकोब ‘आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही’ म्हणून हटून का बसतो? बापाकडून आलेला आशीर्वाद कुचकामी होता का? आणि तसं असेल, तर आपण लेकरांना वेदीपुढे नेऊन आशीर्वाद मागतो तो कशासाठी? मुलं हे विचारणार, आणि ‘दुःखातून माणूस घडतो’ एवढ्यावर त्यांची बोळवण होणार नाही.

शिवाय चार तासांत मजकूर कसा बसवायचा आणि काय गाळायचं तेही सांगा.

जुनाकरार_वाचक

आधी एक गोष्ट, जी नव्वद टक्के प्रवचनांत सुटते. आशीर्वाद दोन आहेत. २७:२८-२९ मधला चोरलेला: आकाशातलं दंव, सुपीक जमीन, धान्य, द्राक्षारस आणि भाऊबंदांवर सत्ता. त्यात अब्राहामाचं नावही नाही. अब्राहामाचा आशीर्वाद, म्हणजे संतती आणि वचनदत्त देश, इसहाक देतो २८:३-४ मध्ये. तेव्हा त्याला समोर कोण उभा आहे ते पक्कं ठाऊक आहे. अंगावर कातडी नाही, थोरल्याचे कपडे नाहीत. म्हणजे जो आशीर्वाद खरोखर मोलाचा, तो मिळवायला फसवणूक करायची गरजच नव्हती. मुलांना हे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचू द्या. वर्गाची अर्धी गाठ तिथेच सुटते.

आता झोंबी. २७:१८ मध्ये आंधळा बाप विचारतो, तू कोण? उत्तर येतं, मी एसाव, तुझा थोरला. २४ व्या ओवीत तो पुन्हा खात्री करून घेतो, पुन्हा तेच उत्तर. ३२:२७ मध्ये झोंबी करणारा त्याला नाव विचारतो, आणि या वेळी तो ‘याकोब’ म्हणतो. मधली वीस वर्षं या दोन उत्तरांमधलं अंतर आहे. पहिला आशीर्वाद दुसऱ्याच्या नावावर घेतला होता, आता मागायचा तो स्वतःच्या. जुना आशीर्वाद रद्द झालेला नाही, फक्त घेणारा आता पहिल्यांदा स्वतः समोर आलाय.

देवाला तो काय म्हणून हाक मारतो त्यावरही बोट ठेवा. घर सोडून जाताना, बेथेल इथे देवाने स्वप्नात वचन दिल्यावर (२८:२१) तो म्हणतो की अमुक झालं तर परमेश्वर माझा देव होईल. ३१:४२ मध्ये, लाबानाशी भांडताना, तो अजून ‘माझ्या बापाचा देव’ आहे. यब्बोकच्या आदल्या प्रार्थनेतही (३२:९) बाप अब्राहाम, बाप इसहाक. शखेमजवळ वेदी बांधल्यावर मात्र (३३:२०) तिचं नाव पडतं एल-एलोहे-इस्राएल. इस्राएल म्हणजे तो स्वतः, झोंबीनंतर त्याला मिळालेलं नवं नाव (३२:२८)! बापजाद्यांचा देव आता त्याचा देव झाला.

जाता जाता एक हिशोब. याकोबाचा मुलगा योसेफ फारोपुढे (मिसरच्या राजापुढे) उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा (४१:४६). त्यात सुकाळाची ७ आणि दुष्काळाची २ वर्षं (४५:६) मिळवली की ३९. त्या वेळी याकोब १३० (४७:९). म्हणजे योसेफाच्या जन्मावेळी तो ९१ चा. योसेफ जन्मला तो लाबानाकडची चौदा वर्षांची चाकरी संपत आली तेव्हा, म्हणजे घर सोडताना याकोब ७७ च्या आसपास आणि यब्बोकपाशी ९७ च्या. चित्रांतला तो पिळदार तरुण विसरायला सांगा. कुबेर झालेला, चार बायका आणि अकरा मुलगे असलेला म्हातारा रात्रभर धुळीत लोळतोय.

रेव्ह_निवृत्त

वरील विवेचन उत्तम आहे, पण एका ठिकाणी सावध राहावे. वर्गातून मुले ‘बापाचे ते फुकटचे, झगडून मिळवले ते खरे’ असे घेऊन गेली, तर आपण त्यांना शुभवर्तमानाच्या उलटे शिकवले. पौल रोमकरांस पत्राच्या ९:१०-१३ मध्ये याच जुळ्या भावांचे उदाहरण घेतो आणि सांगतो की दोघे जन्मलेही नव्हते, चांगले-वाईट काही केले नव्हते, तेव्हाच निवड झाली होती. उत्पत्ती २५:२३ तेच म्हणते. झोंबीने याकोबाने आशीर्वाद कमावला नाही. उलट मांडीचा सांधा निखळल्यावर त्याला झोंबी करताच येत नाही, तो फक्त धरून राहू शकतो. होशेय १२:४ मध्ये तर तो रडला आणि विनवणी केली असे आहे. जिंकला तो विनवणी करून. हे मुलांना जरूर दाखवावे.

वारशाबद्दल पवित्र शास्त्र दोन्ही बाजूंनी बोलते, आणि एकच बाजू सांगणे सोपे असते म्हणून फसायला होते. एकीकडे बाप्तिस्मा करणारा योहान: देव या दगडांतून अब्राहामाला मुले उत्पन्न करू शकतो (मत्तय ३:९). यहेज्केल १८ मधली आंबट द्राक्षांची म्हण देव मोडीत काढतो: बापाचे मुलाच्या माथी येत नाही, आणि बापाची धार्मिकताही मुलाला पुरत नाही. शास्ते २:१० मध्ये यहोशवानंतरची एक अख्खी पिढी परमेश्वराला न ओळखणारी निघते. दुसरीकडे २ तीमथ्य १:५: तोच विश्वास आधी आजी लोईस, मग आई युनीके, मग तीमथ्य. आणि प्रेषितांची कृत्ये २:३९: वचन तुम्हांला व तुमच्या मुलाबाळांना आहे.

आपल्या सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मध्ये २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला एकत्र आलेल्या मंडळ्यांत लहानपणी बाप्तिस्मा देणारे होते आणि जाणत्या वयातच देणारेही. दोन्ही प्रथा आजही मान्य आहेत, ते उगीच नव्हे. सातबाऱ्यावर नाव लागणे ही खरी गोष्ट आहे, थोतांड नाही. मात्र नाव लागले म्हणून जमीन आपोआप नांगरली जात नाही. कन्फर्मेशन म्हणजे नाव आधीच लागलेल्या माणसाने औताला हात घालणे. दोघांची सांगड घालूनच शिकवा.

शब्बाथशाळा_नगर

दोघांचेही आभार. रेव्हरंड, वारसा खोटा नाही, तो स्वतःच्या नावाने घ्यायचा, असं मांडलं तर चालेल ना? आणि वेळापत्रकाचं कुणीतरी बघा प्लीज.

रेव्ह_निवृत्त

चालेल. मात्र ‘घ्यायचा’ यावर जोर नको. ‘धरून ठेवायचा’ म्हणा.

तरुणसंघ_सोलापूर

वेळापत्रक. चारात बसवता येतं, पण पाचवा रविवार मागून घ्या. का ते शेवटी सांगतो.

पहिला: २५:१९-३४ आणि २७:१-४५. एकूण ६१ ओव्या, मोठ्याने वाचायला दहा-बारा मिनिटं. एकाने सलग वाचायचं नाही. निवेदक, इसहाक, रिबका, याकोब, एसाव असे पाच वाचक आठवडाभर आधी ठरवा, आणि एसावाला आवाज असलेला मुलगा घ्या. २७:३४ ची आरोळी पुटपुटली तर सगळा अध्याय पडतो. चर्चा एकाच प्रश्नावर: या घरात प्रत्येकाला आशीर्वाद हवाय, पण कोण कुणाशी समोरासमोर खरं बोलतंय? (कुणीच नाही. चौघं एकत्र एकदाही येत नाहीत, सगळे प्रसंग दोघा-दोघांचे.) मसुरीच्या वरणावर (ज्यासाठी एसाव थोरलेपणाचा हक्क विकतो) फार वेळ घालवू नका, मुलं तिथे रमतात आणि तास संपतो.

दुसरा: २७:४६ ते २८:२२. कागदाच्या मध्ये रेघ मारा. डावीकडे देवाने २८:१३-१५ मध्ये काय दिलं: देश, संतती, सर्व कुळांना आशीर्वाद, सोबत, राखण, परत आणणं, न सोडणं. उजवीकडे याकोबाने २०-२२ मध्ये काय मागितलं: सोबत, राखण, खायला भाकर, अंगावर कपडा, बापाच्या घरी सुखरूप परतणं. आता ताडून बघायला लावा. देश, संतती आणि जगाचा आशीर्वाद याकोबाच्या बाजूला नाहीतच. भाकर-कपडा देवाच्या बाजूला नव्हता, तो यानेच घातलाय. देवाने एकही अट घातलेली नाही, याच्या बोलण्याची सुरुवातच ‘जर’ने. शेवटी वर दहा टक्के कबूल! हा तक्ता मुलं स्वतः भरतात तेव्हाच लागू पडतो, आपण फळ्यावर आयता लिहिला तर नाही.

तिसरा: २९:१५-३० आणि ३१:३६-४२. २९ च्या उरलेल्या भागाचा आणि ३० चा दोन वाक्यांत सारांश द्या, बाळंतपणाची चढाओढ आणि ठिपक्यांच्या शेळ्या या वयात हशाचा विषय होतात. खरा मुद्दा २९:२६: धाकट्या राहेलऐवजी थोरली लेआ गळ्यात मारल्यावर, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत, असं लाबान म्हणतो. थोरल्याची जागा बळकावलेल्या धाकट्याला हे ऐकावं लागतं, आणि तेही अंधारात एकाच्या जागी दुसरं माणूस मिळाल्यावर. इथे थांबा, स्पष्टीकरण देऊ नका, वर्गातलं कुणीतरी बोलतंच. मग ३१:४०-४१: दिवसा ऊन, रात्री गारठा, डोळ्याला डोळा नाही, १४ वर्षं मुलींसाठी, ६ वर्षं कळपासाठी, दहा वेळा बदललेली मजुरी.

चौथा: ३२:३ ते ३३:२०. क्रम मोडू नका. एसाव ४०० माणसं घेऊन येतोय, भीती, प्रार्थना (९-१२), आणि प्रार्थनेनंतर लगेच पुन्हा हिशोब. तो हिशोब वाचून दाखवा: २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, ३० दुभत्या सांडणी पिलांसह, ४० गाई, १० बैल, २० गाढवी, १० गाढवं. पिलं सोडून ५५० जनावरं, टोळ्या टोळ्यांनी, मध्ये अंतर ठेवून. प्रार्थना केली तरी स्वभाव गेलेला नाही. त्यानंतर सगळं नदीपार गेल्यावर तो एकटा उरतो, आणि मग झोंबी. ५५० जनावरं सोडून थेट २४ व्या ओवीवर गेलात तर ‘एकटा’ या शब्दाला वजनच येत नाही.

पाचवा का? कारण पनीएलपाशी (झोंबीच्या जागेला याकोबाने दिलेलं नाव) थांबलं की मुलं समजतात, एका रात्रीत माणूस बदलला. बदलला नाही! ३३:१४ मध्ये तो एसावाला सांगतो, तुझ्या मागून सेईरला येतो, आणि १७ व्या ओवीत सुक्कोथला जाऊन घर बांधतो. लंगडत लंगडत पुन्हा थाप. ३४ मध्ये त्याच्या मुलीवर, दीनावर, अत्याचार होतो आणि बाप मुलगे येईपर्यंत गप्प (३४:५). नंतर बोलतो ते ‘मला लोकांत नकोसं केलंत’ असं, म्हणजे स्वतःचीच काळजी (३४:३०). ३७ मध्ये एका मुलाचे फाजील लाड, आणि मग बोकडाच्या रक्तात बुडवलेल्या झग्याने मुलगेच त्याला फसवतात. बोकडाचं कातडं आणि भावाचे कपडे आठवा.

पिकलेला याकोब दिसतो थेट ४८ व्या अध्यायात: आंधळा, नातवांच्या डोक्यावर हात आडवे करून ठेवणारा, देवाला ‘आजवर मला पाळणारा’ म्हणणारा. इब्री ११:२१ त्याच्या आयुष्यातून नेमका हाच प्रसंग उचलतं, झोंबीचा नाही. वर्गाने हे बघितलंच पाहिजे.

सांत्वनसेवा

या धाग्यावर अजून कुणी न बोललेलं. ‘क्लेशातून वाढ’ हा विषय वर्गात काढताना तिथे बसलेल्यांपैकी एखाद्या घरात आज काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. पट्टीचे वक्तेही इथे घसरतात.

रोमकरांस ५:३-५ ची साखळी (संकट, धीर, शील, आशा) पाठ करून घेतली जाते आणि तिचा सूर असा होतो की जेवढा मार जास्त तेवढी वाढ जास्त. ती साखळी संपते कुठे? देवाची प्रीती अंतःकरणात ओतली गेली आहे यावर. घडवते ती प्रीती. संकट एकट्याने माणसाला आंबटही करतं. लाबान आणि याकोब वीस वर्षं एकाच उन्हात होते.

दुसरं, सगळी दुःखं एका पोत्यात भरू नका. पेत्र स्वतः वेगळी करतो: चुकीबद्दल ठोसे खाल्ले तर त्यात बढाई कसली (१ पेत्र २:२०), आणि खुनी, चोर, लुडबुड्या म्हणून कुणी दुःख सोसू नये (४:१५). योहान ९:३ मध्ये आंधळेपणाचं कारण पापात शोधूच नका, असं येशू सांगतो. २ करिंथ १२ मधला काटा पौलाने तीनदा मागूनही निघाला नाही. याकोबाचा वनवास पुष्कळ अंशी स्वतःच्या करणीचा. चार प्रकार, चार उत्तरं. फळ्यावर हे चार संदर्भ असले की ‘माझ्या आईला कॅन्सर का’ या प्रश्नाला याकोबाचं उत्तर दिलं जात नाही.

तिसरं, आणि यावर मी आग्रही आहे: मारहाण होणाऱ्या बाईला किंवा मुलाला ‘हा तुझा वधस्तंभ’ असं सांगायचं नाही. कधीच नाही. याकोब लाबानाकडून पळाला, आणि ३१:३ मध्ये परत जायची आज्ञा देवाचीच आहे. पौल दिमिष्कात टोपलीतून भिंतीवरून उतरून निसटला. यरुशलेमेत फटके पडायच्या आत त्याने रोमी नागरिकत्व पुढे केलं (कृत्ये २२:२५), आणि ते त्याला जन्माने मिळालेलं होतं. वारसा वापरून दुःख टाळणं हेही पवित्र शास्त्रात आहे!

वर्गात ‘आपापलं दुःख सांगा’ हा खेळ घेऊ नका. त्या वयात एक जण रडतो, दुसरा हसतो, आणि सोमवारी सगळ्या गावाला कळतं. कोऱ्या चिठ्ठ्या द्या, नाव न लिहिता प्रश्न लिहू द्या. चिठ्ठीत हिंसेचं किंवा जीव द्यायचं काही आलं तर ती वर्गात वाचायची नाही. चिठ्ठीवर नाव नसतं, म्हणून वर्गाला उद्देशून एवढंच सांगा की अमुक वेळी तुम्ही बोलायला मोकळे आहात, आणि पाळकांना त्याच दिवशी कळवा. प्रार्थनेसाठी स्तोत्र ८८ घ्या. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठलीही कलाटणी नाही. असं काही पवित्र शास्त्रात आहे हे बऱ्याच मुलांना पहिल्यांदाच कळेल.

वसईचो_पोर

आमच्या कॅथलिक बाजूने थोडी भर. कोरडे दिवस आले, प्रार्थनेत मन लागेना, की काय करायचं याचे सोळाव्या शतकातल्या संत इग्नेशियसने १४ नियम घालून दिलेत. जेज्विट फादर रिट्रीटमध्ये तेच शिकवतात. हा माणूसही लंगडाच: १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, हाड वेडंवाकडं जुळलं, पुन्हा कापून घेतलं, तरी चाल आयुष्यभर तशीच.

वर्गाच्या कामाचे तीनच सांगतो. पाचवा नियम: कोरड्या दिवसांत आधीचा निर्णय बदलायचा नाही. चांगल्या दिवसांत ठरवलेलं तसंच चालू ठेवायचं. सहावा: निर्णय नाही, स्वतःला बदलायचं, म्हणजे थोडी जास्त प्रार्थना, थोडं जास्त आत्मपरीक्षण. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकातल्या सूचनांत तर असंही आहे की कोरडेपणा असला तर ठरलेल्या तासापेक्षा थोडं जास्तच बसायचं. नववा: कोरडेपणाची कारणं तीन. आपली हयगय, आपली परीक्षा, किंवा सांत्वन (प्रार्थनेतला दिलासा) ही देवाची देणगी आहे, आपली कमाई नाही हे कळावं म्हणून. रेव्हरंड वर म्हणाले तेच तिसऱ्यात आलं.

लोक नेमकं उलटं करतात: कोरडेपणा आला की आधी निर्णय बदलतात. दृढीकरण (आमचं कन्फर्मेशन) झालं की सहा महिन्यांत मिस्सा (रविवारची उपासना) बंद, त्याचं एक कारण हे. मुलांना पाचवा नियम आधीच लिहून द्या.

जुनाकरार_वाचक

सांत्वनसेवा यांच्या मुद्द्याला जोड: ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस-रात्री जमिनीवर गप्प बसले (२:१३) तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं.

वारशावरून एक आठवलं. मराठी मंडळ्यांतल्या पहिल्या पिढीसाठी वारसा हा धर्मशास्त्राचा विषय नव्हताच, जमीन-जुमल्याचा होता. धर्म बदलला की वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्क जायचा. १८५० च्या २१ व्या कायद्याने तो हक्क कागदावर राखला, घराचे दरवाजे मात्र बंदच राहिले. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ चा, म्हणजे कायद्यानंतरचा. चौथ्या पिढीच्या मुलांना हे सांगा. तुम्हाला जे आयतं मिळालं, ते कुणीतरी आयतं सोडून मिळवलेलं आहे.

आणि एक काटा मुद्दाम ठेवतो, मुलांनी काढला तर तयारी असू द्या. एसाव. आशीर्वाद गेला, कुणाशी झोंबी झाली नाही, नाव बदललं नाही. तरी ३३:४ मध्ये धावत येऊन गळ्यात पडतो तो, आणि ३३:९ मध्ये ‘माझ्याजवळ पुष्कळ आहे’ म्हणतो तोही तोच. इब्री १२:१६-१७ त्याच्यावर कडक आहे, ते वाचाच, पण ३३ वा अध्याय झाकू नका. वीस वर्षांत त्याच्या मनात काय घडलं यावर उत्पत्ती एक ओळ खर्च करत नाही.

शब्बाथशाळा_नगर

पाचवा रविवार मागून घेतला, मिळाला. ३४ वा अध्याय १५ वर्षांच्या मुलींसमोर पूर्ण वाचायचा का?

सांत्वनसेवा

पूर्ण नको. १-७ तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा, ‘बलात्कार’ हा शब्द न टाळता. मग ३०-३१ वाचून घ्या. दीनाचे भाऊ शिमोन आणि लेवी यांचा शेवटचा प्रश्न तसाच सोडा, याकोबाने त्याला उत्तर दिलेलं नाही. वर्गात शक्यतो एक बाई शिक्षिका सोबत असू द्या, आणि संपल्यावर पंधरा मिनिटं तिथेच थांबा.